जिलेटिन घालूनही गढूळ राहिलेली पेल एल : वीस लिटरच्या एका बॅचचा प्रकरण अभ्यास

अमेरिकन धाटणीची वीस लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बीअर, केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या धातूच्या टाकीत) भरलेली आहे. गॅस मुरलेला आहे आणि केग पाच दिवस ४ अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये उभा आहे. बीअर नितळ करणाऱ्या जिलेटिनची मात्राही देऊन झाली आहे. तरी ग्लासात ओतल्यावर बीअर ताकाच्या निवळीसारखी दिसते. ग्लासामागे धरलेली बोटे कळतात, पण किती आहेत ते सांगता येत नाही. वास लिंबूवर्गीय फळांच्या सालीचा, अगदी हवा तसा. चवीत मात्र शेवटी एक तुरटपणा जिभेवर रेंगाळतो.

अशा वेळी हात आपसूक जिलेटिनच्या पाकिटाकडे जातो. तो आवरावा. गढूळपणा हे लक्षण आहे आणि त्यामागे निदान पाच वेगवेगळी कारणे असू शकतात: तरंगणारे यीस्ट, थंडीत दिसणारे प्रथिन-पॉलिफिनॉलचे धुके (पॉलिफिनॉल म्हणजे वनस्पतींतले तुरट पदार्थ), हॉप्सचे (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) बारीक कण, मॅशमध्ये, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवताना, सुटलेला स्टार्च किंवा जिवाणूंचा संसर्ग. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर वेळ जातोच, आणि हॉप्सचा वासही जातो.

बॅच कशी बनली होती

माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) एकूण ५ किलो: ४.४ किलो पेल माल्ट, ३५० ग्रॅम म्युनिक आणि २५० ग्रॅम फिकट क्रिस्टल. गहू किंवा ओट्स नाहीत, म्हणजे पाककृतीतच गढूळपणा पेरलेला नव्हता. पाणी आरओचे, कोणतेही क्षार न घालता वापरलेले. मॅशसाठी १५ लिटर पाणी ७२ अंशांवर घेतले, माल्ट मिसळल्यावर तापमान ६६.५ वर स्थिरावले आणि एक तास तसेच ठेवले. नंतर माल्ट धुण्यासाठी सुमारे १६ लिटर पाणी वापरले, ते ८५ अंशांचे. भांड्यात २६ लिटर भरेपर्यंत धुणे चालू ठेवले. शेवटी येणाऱ्या वर्टची (माल्टचा गोड रस) ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.००६ इतकी उतरली होती.

उकळी एक तासाची. सुरुवातीला १५ ग्रॅम मॅग्नम जातीचे हॉप्स कडवटपणासाठी, शेवटच्या दहा मिनिटांना २० ग्रॅम सेंटेनियल, आणि आच बंद करून ८० अंशांपर्यंत उतरवल्यावर कॅस्केड व सेंटेनियल मिळून ६० ग्रॅम वीस मिनिटांसाठी. हिशेबाने कडवटपणा ३५ ते ४० आयबीयूच्या दरम्यान. आयरिश मॉस (वर्ट निवळवणारे समुद्री शेवाळ) ५ ग्रॅम घातले होते, पण मॅग्नमबरोबरच, म्हणजे पूर्ण तासभर उकळले. वर्ट १९ अंशांपर्यंत यायला चाळीस मिनिटे लागली. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) २० लिटर, सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५२, यीस्ट यूएस-०५ जातीचे कोरडे, ११.५ ग्रॅमचे एक पाकीट.

चौथ्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०२० असताना सिट्रा आणि कॅस्केड हॉप्सच्या १२० ग्रॅम पेलेट्स (दाबून केलेल्या गोळ्या) थेट फर्मेंटरमध्ये टाकल्या. सातव्या दिवशी वाचन १.०११ आले. अपेक्षित शेवट तोच होता, म्हणून लगेच फर्मेंटर फ्रिजमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या पडद्यावर ४ अंश दिसत होते. तेव्हा अर्धा चमचा जिलेटिन उकळत्या पाण्यात ढवळून ओतले आणि दोन दिवसांनी बीअर केगमध्ये उतरवली.

या तीन परिच्छेदांत चुका कुठे आहेत ते जाणकाराला एव्हाना दिसले असेल. पण कोणती चूक आज ग्लासात दिसते आहे आणि कोणती नुसतीच कागदावर आहे, ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

तपासणी

आधी ग्लास पुसायचा. थंड ग्लासावर बाहेरून साचलेले दव हे बऱ्याच गढूळ बीअरचे खरे कारण असते. इथे ते नव्हते.

पहिली चाचणी उष्णतेची. केगमधून दोन ग्लास काढले. एक फ्रिजमध्ये, दुसरा खोलीत २० अंशांच्या वर येईपर्यंत. कोमट ग्लास स्पष्टपणे उजळला, पण पूर्ण नितळ झाला नाही. जो भाग उजळला ते थंडीचे धुके. प्रथिने आणि पॉलिफिनॉल यांच्या सैल जोड्या थंडीत प्रकाश विखुरण्याइतक्या मोठ्या होतात आणि ऊब मिळाली की सुटतात. जो भाग राहिला तो दुसऱ्या कशाचा तरी.

दुसरी चाचणी स्टार्चची. पांढऱ्या बशीत चमचाभर बीअर आणि आयोडीनचा एक थेंब. रंग तपकिरी-पिवळाच राहिला, निळा-काळा झाला नाही. मॅश निर्दोष सुटला.

तिसरी चाचणी गाळाची. गॅस काढलेली बीअर उंच, अरुंद बाटलीत भरून दोन दिवस फ्रिजमध्ये न हलवता ठेवली. तळाशी फिकट बदामी रंगाचा, बोट लावल्यास मऊ असा पातळ थर बसला. हिरवट ठिपके जवळजवळ नव्हते. म्हणजे उरलेल्यात मुख्य वाटा यीस्टचा, हॉप्सच्या चुऱ्याचा नाही. रेशमासारख्या लहरी, आंबट वास, वरती पापुद्रा असे काहीच नसल्याने संसर्गाची शंका बाजूला ठेवता आली.

चौथ्या चाचणीने प्रकरण उलगडले. दोन ग्लासांत वीस-पंचवीस वेळा उलटसुलट ओतून बीअरमधला गॅस पूर्ण काढला (गॅस असलेल्या बीअरमध्ये बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि वाचन खोटे येते), नमुना हायड्रोमीटरच्या ठरलेल्या तापमानाला आणला आणि मोजला: १.००९. फ्रिजमध्ये जाताना १.०११ होती. म्हणजे त्या दिवशी आंबणे संपलेच नव्हते.

त्याच नमुन्यातली थोडी बीअर झाकणाच्या बाटलीत भरून ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, थंड केली आणि न तापवलेल्या बीअरशेजारी ठेवून हुंगली. तापवलेल्या बाटलीला लोण्याचा पुसट वास होता. डायअॅसिटिलचा (यीस्टमुळे तयार होणारे, लोण्याचा वास देणारे संयुग) कच्चा माल बीअरमध्ये अजून शिल्लक होता, याचा हा पुरावा.

ग्लासात काय घडत होते

हॉप्सच्या फुलांत स्टार्च तोडणारी एन्झाइम्स थोड्या प्रमाणात असतात. मॅशमधून उरलेली आणि यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्स (स्टार्चचे तुकडे) ही एन्झाइम्स हळूहळू साध्या साखरेत मोडतात. यीस्ट जिवंत असले की ते ती साखर खाते. ग्रॅव्हिटी पुन्हा उतरू लागते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, नवे डायअॅसिटिल तयार होते आणि खाली बसू पाहणारे यीस्ट पुन्हा वर तरंगते. ब्रूअर याला हॉप क्रीप म्हणतात. शोध नवा नाही: ब्राउन आणि मॉरिस या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १८९३ मध्येच ड्राय हॉप्सच्या, म्हणजे उकळीनंतर थेट बीअरमध्ये घातलेल्या हॉप्सच्या, या गुणाबद्दल लिहिले होते. लिटरमागे एखादा ग्रॅम हॉप्स घालण्याच्या काळात ती कुतूहलाची बाब होती; आज लिटरमागे ६ ग्रॅम घातले जातात तेव्हा ती केगमध्ये दिसते.

उकळीत घातलेल्या हॉप्समुळे हे होत नाही, कारण उकळत्या वर्टमध्ये एन्झाइम्स मरतात. ड्राय हॉप्सना उकळीची उष्णता मिळतच नाही. म्हणूनच सातव्या दिवशीचे एकच वाचन फसवे ठरले. १.०११ हा माल्टच्या हिशेबाने शेवट होता, हॉप्सच्या हिशेबाने मधला थांबा.

त्यात जिलेटिन चुकीच्या वेळी पडले. फ्रिजचा पडदा हवेचे तापमान दाखवतो. वीस लिटर द्रव १९ वरून ४ अंशांवर यायला साध्या फ्रिजमध्ये एक दिवस सहसा पुरत नाही. फर्मेंटरच्या पोटाशी तपासले असते तर त्या वेळी दहा-बारा अंश दिसले असते. त्या तापमानाला थंडीचे धुके अजून पुरते बनलेलेच नसते आणि न बनलेल्या धुक्याला जिलेटिन धरू शकत नाही. बीअरच्या पीएचला जिलेटिनवर धन भार असतो. यीस्टची पेशीभित्ती ऋण भाराची. म्हणून त्याने तेव्हा तरंगणारे यीस्ट खाली ओढले आणि काम संपवले. पुढे बीअर खरोखर थंड झाली तेव्हा धुके नव्याने उमटले, आणि क्रीपमुळे जागे राहिलेले यीस्टही बीअरमध्ये तरंगत राहिले. शिवाय उकळते पाणी वापरल्याने जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटून त्याची पकड आधीच कमी झाली होती.

आता धुके मुळात इतके का? याचे उत्तर ब्रू करण्याच्या दिवशी आहे. माल्टच्या टरफलात टॅनिन्स असतात. ७७-७८ अंशांच्या वरचे पाणी आणि ५.८ च्या वर चढलेला पीएच एकत्र आले की ती सुटून येतात. ८५ अंशांचे पाणी, क्षारहीन आरओ आणि १.००६ पर्यंत ताणलेले धुणे या तिन्हींनी मिळून तेच केले. जिभेवरचा तुरटपणा तिथला आहे. दुसरी बाजू प्रथिनांची. कॅल्शियम जवळजवळ शून्य असल्याने उकळीत प्रथिने नीट फाटली नाहीत. आयरिश मॉसमधले कॅराजीनन त्यांना गोळा करायला हवे होते, पण तासभराच्या उकळीत तेच विघटित झाले. त्यावर १२० ग्रॅम हॉप्सची पॉलिफिनॉल्स, तीही यीस्ट जोमात असताना.

यूएस-०५ बद्दल एवढेच सांगायला हवे की ते फार घट्ट बसणारे यीस्ट नाही. त्याच्यावर सगळा दोष ढकलण्याची पद्धत आहे. या बॅचमध्ये तो हिस्सा छोटा होता.

या केगवर काय केले

क्रम महत्त्वाचा: आधी क्रीप संपवणे, मग थंडी, मग जिलेटिन.

गॅसची नळी काढून केग फ्रिजबाहेर २० अंशांवर ठेवला. दाब वाढणारच होता, म्हणून रोज सुरक्षा झडपेतून थोडा वायू सोडला. एकदम सोडला तर फेस झडपेतून बाहेर येतो. पहिल्या दिवशी केग हळुवार तिरका करून तळाचे यीस्ट ढवळले, कारण उरलेले काम त्यालाच करायचे होते. चौथ्या दिवशी ग्रॅव्हिटी १.००८, सहाव्या दिवशीही १.००८. लोण्याची चाचणी पुन्हा केली, या वेळी तापवलेली आणि न तापवलेली बाटली वासाला सारखीच. दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच केग परत फ्रिजमध्ये गेला. अल्कोहोल हिशेबाने ५.४ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर पोहोचले होते आणि अंग थोडे हलके झाले होते. ते परत आणता येत नाही.

फ्रिज १ अंशावर लावला. थर्मामीटरचे टोक केगच्या पत्र्याला टेकवून वरून फोमचा तुकडा चिकटवला, म्हणजे वाचन हवेचे न येता बीअरचे आले. ते १.५ अंशांवर यायला दीड दिवस लागला. त्यानंतर आणखी एक दिवस तसाच, धुके पूर्ण बनावे म्हणून. इथे घाई करणारे पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात.

जिलेटिन: बिनवासाचे, ३ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. उकळून गार केलेल्या १५० मिली पाण्यावर शिंपडले आणि पंधरा मिनिटे फुगू दिले. मग मंद आचेवर ढवळत ६६-६८ अंशांपर्यंत नेले, द्रावण पारदर्शक झाले की खाली उतरवले. उकळी येऊ द्यायची नाही. द्रावण कोमटच ठेवायचे. फार गार केले तर ते भांड्यातच जमते.

केगमध्ये घालण्याचा भाग नाजूक आहे. हॉपी बीअरला ऑक्सिजन लागला की आधी वास फिका होतो, मग रंग तपकिरीकडे झुकतो, आणि ऑक्सिडाइझ झालेली पॉलिफिनॉल्स पुन्हा धुके धरतात, म्हणजे केलेले काम उलटे. म्हणून झाकण उघडण्याऐवजी द्रावण गॅसची नळी जोडता येणारे झाकण असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत भरले, बाटली दाबून हवा काढली, कार्बन डायऑक्साइडने दोनदा धुतली आणि केगचा दाब उतरवून गॅसच्या तोटीतून दाबाने आत ढकलले. अशी सोय नसेल तर झाकण उघडून वायूचा मंद प्रवाह चालू ठेवत हळू ओतावे, कारण गॅस मुरलेल्या बीअरमध्ये कोमट द्रावण पडले की फेस उसळतो. नंतर झाकण लावून दाब देणे-सोडणे चार-पाच वेळा करावे.

तीन दिवस केगला कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी नळातून पहिले अर्धा लिटर दाट, चिखलाळ आले; ते टाकून दिले. पुढचा ग्लास ४ अंशांवर: मागे धरलेल्या कागदावरची छापील ओळ वाचता येते, कडांना अगदी हलका पडदा. १२ अंशांवर पूर्ण नितळ. तुरटपणा कमी झाला, गेला नाही. टरफलातून आलेले सगळेच काही जिलेटिन नेत नाही. वास किंचित ओसरला. हॉप्सची तेले यीस्टला चिकटतात आणि यीस्टबरोबर खाली जातात, हा निवळण्याचा खर्च आहे. लिटरमागे ६ ग्रॅम हॉप्स असताना ४ अंशांवरही काचेसारखी बीअर हवी, हा हट्ट वासाच्या जिवावर पुरवावा लागतो; तो हलका पडदा ठेवणे शहाणपणाचे.

तोही नको असेल तर पीव्हीपीपी, एका प्लास्टिकची बारीक पूड. ते पॉलिफिनॉल्स पकडते. वीस लिटरला ५ ते १० ग्रॅम, उकळून गार केलेल्या पाण्यात तासभर भिजवून, थंड बीअरमध्ये. मात्र ते विरघळत नाही, म्हणून पूर्ण बसू द्यावे आणि वरची बीअर दुसऱ्या केगमध्ये उतरवावी. प्राणिज पदार्थ चालत नसेल तर जिलेटिनच्या जागी सिलिका सोल वापरतात. आयसिंग्लासचा तिथे उपयोग नाही, तो माशाच्या वाताशयापासून बनतो.

पुढच्या बॅचसाठी बदललेले

३१ लिटर आरओ पाण्यात ७ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. त्याने कॅल्शियम ८० पीपीएमच्या आसपास, सल्फेट सुमारे १२५ आणि क्लोराइड ४५ पर्यंत जाते. हॉपी पेल एलला हे प्रमाण चवीलाही मानवते. मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ मध्ये आणण्यासाठी लॅक्टिक अॅसिड, मिलीलिटरच्या हिशेबाने, मोजत मोजत. धुण्याचे पाणी ७५ अंश, आणि ग्रॅव्हिटी १.०१० झाली की धुणे बंद. भांडे भरले नसेल तर वरून साधे पाणी घालावे. ग्रॅव्हिटीचा एखादा अंक कमी मिळाला तरी हरकत नाही.

आयरिश मॉस शेवटच्या दहा मिनिटांना. जास्त घालून जास्त फायदा होत नाही, उलट गाळ फुगतो आणि भांड्यात वर्ट अडकते. वर्ट वीस-पंचवीस मिनिटांत २० अंशांच्या खाली आणावे. जलद थंड होताना थंडीत फाटणारी प्रथिने भांड्यातच राहतात. प्रथिनांना प्रोलिन या अमिनो आम्लाच्या जागी तोडणारे एन्झाइम यीस्टबरोबर घातले तर थंडीचे धुके बऱ्याच अंशी जन्मतच नाही, कारण पॉलिफिनॉल्स प्रथिनांना जिथे चिकटतात ती जागाच तुटते. मात्रा बाटलीवरच्या सूचनेनुसार. पण तरंगणाऱ्या यीस्टवर त्याचा काही परिणाम नाही.

ड्राय हॉपची वेळ हा सगळ्यात मोठा बदल. आंबणे संपू द्यायचे, लोण्याची चाचणी स्वच्छ येऊ द्यायची, मग १४ अंशांवर दोन दिवस ठेवून यीस्ट बरेचसे बसू द्यायचे. त्यानंतर १२० ऐवजी ८० ग्रॅम हॉप्स, दोन ते तीन दिवस, त्याच तापमानाला. पेलेट्समधला वास बराचसा पहिल्या एक-दोन दिवसांतच बीअरमध्ये उतरतो. आठवडाभर ठेवल्याने पॉलिफिनॉल्स आणि गवताळ चव वाढते. कमी यीस्ट आणि कमी तापमान असल्याने क्रीप मंदावते, थांबत नाही, म्हणून ग्रॅव्हिटी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा तपासायचीच.

फर्मेंटर थंड करताना आतला वायू आकसतो आणि बीअर आणखी कार्बन डायऑक्साइड शोषते. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) तसाच ठेवला तर बाहेरची हवा, कधी एअरलॉकमधले पाणीही आत ओढले जाते. कार्बन डायऑक्साइडने भरलेला फुगा किंवा अगदी हलक्या दाबाची नळी त्या जागी लावावी. केगमधली नळी तळाला टेकत असेल तर ती दीड-दोन सेंटिमीटर आखूड करावी किंवा तरंगती नळी बसवावी, नाहीतर प्रत्येक ग्लासाबरोबर गाळाची चिमूट येत राहते. आणि निवळलेला केग हलवायचा नाही. हलवावाच लागला तर बीअर ओतण्याच्या दोन दिवस आधी हलवावा.

बाटल्यांत भरणाऱ्यांसाठी

केगमध्ये हॉप क्रीप म्हणजे गढूळ ग्लास. बाटलीत तेच प्रकरण धोक्याचे आहे. ग्रॅव्हिटीत ०.००१ ची घट म्हणजे बीअरच्या आकारमानाच्या साधारण अर्धा पट कार्बन डायऑक्साइड. या बॅचमध्ये १.०११ ते १.००८ अशी तीन अंकांची घट झाली, म्हणजे दीड पट. ती १.०११ ला बाटल्यांत भरली असती आणि वर गॅससाठी नेहमीची ११०-१२० ग्रॅम साखर घातली असती, तर गॅस चार पटींच्या जवळ पोहोचला असता. नेहमीच्या बीअरच्या बाटलीत तीन पटींच्या वर जाऊ देऊ नये. त्यापुढे काच फुटण्याचा धोका खरा आहे. म्हणून दोन वाचने सारखी आल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत.

जिलेटिनने निवळलेल्या बीअरमध्ये बाटलीत गॅस धरण्याइतके यीस्ट शिल्लक असते. फक्त तीन-चार दिवस जास्त लागू शकतात, आणि बाटल्या त्या काळात २० अंशांच्या आसपास ठेवाव्यात. नंतर आठवडाभर फ्रिजमध्ये उभ्या ठेवून ओतताना शेवटचा बोटभर थर बाटलीतच सोडावा.